पुन्हा विहिरीत उतरताना

विहिरीत पोहायला शिकलेला माणूस जन्मात पोहणं विसरत नाही, असं आमच्या चिखलीकडे छातीठोकपणे सांगतात. अर्धं खरं आहे. हातपाय विसरत नाहीत, अंगाला पाणी लागलं की आपोआप चालू लागतात. विसरतो तो अंदाज. पाणी किती, दम किती, वर चढायला ताकद किती उरेल आणि कठड्यावर पोरं बघत बसली असताना काय करू नये, हा सगळा अंदाज. हातपाय पहिल्याच दिवशी परत येतात, अंदाज मागून रमतगमत येतो. धोका असतो तो या मधल्या काळात. नोकरीपायी माझी उमेदीची वर्षं पुण्यात गेली आणि तिथे पाण्याशी संबंध आला तो बादलीपुरता. गावी परतल्यावर धाकट्या भावाच्या शेतातल्या विहिरीत पुन्हा उतरायला लागलो. त्यातून आणि आजूबाजूला पाहून जे हाती लागलं, ते क्रमाने मांडतो.

या काळात गुहांमधल्या पाण्यात बुडी मारणाऱ्यांबद्दल, म्हणजे केव्ह डायव्हिंगबद्दल, बरंच वाचलं. आपल्याकडे तो प्रकार रुजलेला नाही, पण त्या लोकांचे नियम वाचताना डोळ्यांसमोर आमच्याच विहिरी येत होत्या. बुलढाणा जिल्ह्याचे घाटावर आणि घाटाखाली असे दोन भाग. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यातली गाळाची माती आणि बऱ्याच ठिकाणी खारं पाणी. घाटावर, म्हणजे आमच्याकडे, मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. त्या पाषाणात खोदलेल्या विहिरीला नदीसारखा उथळ काठ नसतो. पायरी सोडली की डोक्यावर पाणी. भिंती सरळ, बाहेर पडायची वाट एक, खाली कपारी आणि अंधार. वरून उघडी असलेली गुहाच ती.

१. विहीर ओळखीची असली, तरी तळ अनोळखी समजावा

आपण गावाबाहेर होतो तेवढी वर्षं विहीर काही आपली वाट बघत बसलेली नसते. एका दुष्काळात यारी लावून, सुरुंग उडवून ती खोल केली जाते. पुढच्या दुष्काळात तळाशी आडवे बोअर मारले जातात. एखादी बाजू ढासळते. ढासळलेले दगड कोणी वर काढतो, कोणी तसेच राहू देतो. लहानपणी ज्या बाजूला आम्ही डोळे झाकून मुटके मारायचो, तिथे आता मोटर टांगायचा लोखंडी अँगल आडवा आहे आणि पाणी चढलं की तो दिसत नाही. पाण्याची पातळी तर ऋतूगणिक निराळी. तोच दगड दिवाळीत खोल बुडालेला असतो आणि वैशाखात हातभर पाण्याखाली.

तलावांचंही तेच. महामार्गाच्या भरावाला लागणारा मुरूम तलाव-नाल्यांतून काढायचा, म्हणजे रस्ताही होतो आणि पाण्याची साठवणही वाढते, ही कल्पना ‘बुलढाणा पॅटर्न’ म्हणून राज्यभर गाजली. २०१८ पासून भारतीय जैन संघटनेच्या साथीने जिल्ह्यात गाळ काढण्याचं मोठं काम झालं. पाण्याच्या दृष्टीने ही कामं सोन्यासारखी. पोहणाऱ्याने मात्र ध्यानात ठेवावं, की जिथे आपण कमरेएवढ्या पाण्यात म्हशी धूत होतो, तिथे आता एकदम तळ सुटत असेल.

म्हणून पहिल्या दिवशी पोहूच नये. मालकाला विचारावं, दोरीला दगड बांधून चार जागी खोली मोजावी. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं असेल तेव्हा विहीर एकदा वरून नीट पाहून ठेवली, तर पुढे वर्षभर कामाला येते.

२. आधी मोटर, मग उडी

आमच्या शेजारच्या मळ्यातले आबा कठड्यावर कोणी शर्ट काढताना दिसला की लांबूनच ओरडतात, “आधी मोटर बंद हाय का पाह्य, मंग उडीचं बोल!” आबा कधी शाळेत गेले नाहीत, पण ही ओळ शाळेच्या भिंतीवर लिहावी अशी आहे.

पाणबुडी मोटरची केबल वर्षानुवर्षं दगडाला घासत असते. जोड दिलेल्या जागची चिकटपट्टी सुटलेली असते. त्यात शेतीची लाईट कधी दिवसा, कधी रात्री. लाईट आली की मोटर आपोआप चालू व्हावी म्हणून पुष्कळांनी स्टार्टरला ऑटो बसवलेला असतो. उतरताना बंद असलेली मोटर आपण पाण्यात असताना स्वतःहून सुरू होते, ती अशी. लाल बटण दाबून भागत नाही. पेटीतल्या तिन्ही ग्रिपा काढायच्या. पोहणाऱ्याच्या चड्डीला बहुधा खिसा नसतो, म्हणून त्या वर बसलेल्या माणसाच्या हातात द्यायच्या आणि आपण बाहेर येईपर्यंत त्याने त्या कोणालाही द्यायच्या नाहीत. पाण्याची पाळी चुकते म्हणून कोणी कुरकुरला, तर कुरकुरू द्यावं.

३. पडीक विहिरीच्या वाटेला जाऊ नये

वापरातल्या विहिरीत पाणी हलतं, उपसा होतो, वारा लागतो. पडीक विहिरीत पालापाचोळा, शेण, मेलेलं जनावर कुजत असतं आणि जड वायू तळाशी साचून राहतात. हायड्रोजन सल्फाइडला कुजक्या अंड्यांसारखा वास येतो, पण त्याचं प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि वास गेला असं वाटतं. कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत प्राणवायू कमी आहे का, एवढंच सांगते. विषारी वायू थोडा असला तरी जीव घेतो, कंदील मात्र जळत राहतो. मिथेन असेल तर ती ज्योतच घातक.

एप्रिल २०२४ मध्ये नेवासा तालुक्यातल्या वाकडी गावात पडलेलं मांजर काढायला एकजण शेणकाला साठवलेल्या जुन्या विहिरीत उतरला. त्याला काढायला दुसरा, दुसऱ्याला काढायला तिसरा, असे पाच जण गेले. सहावा कमरेला दोर बांधून उतरला होता, म्हणून त्याला वर ओढता आलं. यावर वेगळं भाष्य नको.

४. दम परत आणावा लागतो, तो आठवून येत नाही

बाहेर ऊन ४० अंशांच्या वर, अंग घामाने निथळतंय आणि खाली सावलीतलं गार पाणी. तरुणपणी हाच मोह होता. आता तसंच एकदम आत गेलं की छाती आवळते, श्वास आपोआप आत खेचला जातो आणि तेव्हा तोंड पाण्याखाली असलं तर संपलंच. म्हणून पायऱ्यांनी उतरावं, शेवटच्या पायरीवर बसून मान, छाती, डोकं भिजवावं आणि श्वास लयीत आल्यावरच हात सोडावा. सुरुवातीला भिंतीच्या कडेकडेने गोल फिरावं, धरायला दगड हाताशी राहील असं. विहिरीच्या मध्यावर जायची घाई नको. रक्तदाबाची गोळी सुरू असेल, तर डॉक्टरांना आधी विचारून घ्यावं. आमच्या वयात हे सांगावं लागतंच.

शहरातल्या तरणतलावात रोज पोहणाऱ्यांना यातलं काही आपल्याला लागू नाही असं वाटतं. तलावाचा तळ दिसतो, काठ हाताशी असतो, शिटी घेतलेला माणूस असतो. विहिरीत यातलं काहीच नाही. फ्लोरिडातल्या पाण्याखालच्या गुहांच्या तोंडाशी याच कारणाने यमदूताचं चित्र असलेले फलक लावलेले आहेत. समुद्रातल्या डायव्हिंगचे प्रशिक्षकसुद्धा असल्या गुहांत मेले आहेत, तेव्हा इथूनच मागे फिरा, असा त्यांवरचा मजकूर. एका पाण्यातली पदवी दुसऱ्या पाण्यात चालत नाही.

५. तळाची माती उशिरा आणली तरी चालते

आमच्या लहानपणी पोहणारा कोण आणि पाण्यात नुसता डुंबणारा कोण, हे एका गोष्टीवरून ठरायचं. बुडी मारून तळाची माती आणायची आणि मूठ उघडून दाखवायची. खाली जाताना पाणी आधी हिरवं, मग शेवाळी, मग काळं होतं. एका ठरावीक थराला ते अचानक गार लागतं. कान दुखू लागतात. हाताला आधी मऊ गाळ लागतो, बोटं त्यात मनगटापर्यंत जातात आणि खाली कुठेतरी मुरमाची खरखर. मूठ आवळली की गाळ धुरासारखा उठतो आणि वर-खाली कळेनासं होतं. तेव्हा डोक्यावर जिथे उजेडाची गोल चकती दिसेल, तिकडे निघायचं. या बुडीची ओढ अजूनही सुटत नाही, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर.

पाण्याचा दाब दर १० मीटरला, म्हणजे साधारण ३३ फुटांना, एका वातावरणाने वाढतो. तेवढ्या खोलीवर छातीतली हवा निम्म्या जागेत मावते. कानाच्या पडद्याला हा दाब पहिल्या सहा-सात फुटांतच जाणवतो. नाक चिमटीत धरून, तोंड मिटून हलकेच फुंकलं की कान मोकळे होतात. हे दुखायला लागायच्या आधी करायचं. सर्दी असेल, कान मोकळे होत नसतील, तर मागे फिरायचं. जोर लावला तर पडदा फाटतो आणि मग पाण्यात डोकं गरगरतं.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. बुडी लांबवण्यासाठी आधी भराभरा दहा-वीस श्वास घ्यायची आमच्यात पद्धत होती. ती सोडून द्यावी आणि पोरांनाही सोडायला लावावी. श्वास घ्यावासा वाटतो तो रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो म्हणून. भराभर श्वासांनी तो धुऊन निघतो, प्राणवायू मात्र फारसा वाढत नाही. मग दम लागल्याची सूचनाच मिळत नाही आणि वर येता येता, पृष्ठभाग हातावर असताना, माणूस शुद्ध हरपतो. चांगला पोहणारा अलगद बुडाला, कारण कळलं नाही, असं जिथे सांगितलं जातं, तिथे हीही शक्यता असते. दोन शांत श्वास, तिसरा भरून घ्यायचा आणि खाली जायचं. पोट पहिल्यांदा आचके देऊ लागलं की वर निघायचं, मूठ रिकामी असली तरी.

६. ताकदीचे तीन हिस्से करावेत

शेक एक्सली नावाच्या अमेरिकन पाणबुड्याने गुहांतल्या अपघातांची चिरफाड करून १९७९ साली एक छोटं पुस्तक काढलं. पाणबुडे मरतात ती कारणं पुन्हापुन्हा तीच, असं त्यातून निघालं. बाहेरपर्यंत सलग दोर नसणं, हवेचा हिशेब चुकणं, झेपणार नाही इतकं खोल जाणं. हवेचा हिशेब असा, की टाकीतली एक तृतीयांश हवा जाण्यासाठी, एक तृतीयांश येण्यासाठी आणि एक तृतीयांश न वापरता राखून ठेवायची. गुहेत शिरणारे आजही हाच हिशेब पाळतात.

आपल्याकडे टाकी नसते, पण हिशेब तोच. विहिरीत उतरणं सोपं, अवघड असतं ते चढणं. भिंतीतून बाहेर काढलेल्या दगडांच्या पायऱ्या, त्यांवर शेवाळ, ओलं अंग आणि पाण्याबाहेर येताच दुप्पट वाटणारं स्वतःचं वजन. मांड्या थरथरतात त्या पोहताना नव्हे, इथे. सिंदखेडराजाची पुतळा बारव किंवा लोणारची लिंबी बारव पाहिली की जाणवतं, त्या बांधणाऱ्यांनी माणूस वर कसा येईल याचा विचार आधी केला होता. शेतातली विहीर पाण्यासाठी खणलेली असते, माणसासाठी नव्हे. म्हणून तिसरा हिस्सा त्या पायऱ्यांसाठी राखून ठेवावा. ‘अजून एक चकर होईल’ असं वाटतं, ती वेळ बाहेर निघायची.

७. दोर सोडल्याशिवाय उतरू नये

२३ जून २०१८ रोजी थायलंडमधल्या थाम लुआंग गुहेत १२ फुटबॉलपटू मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक पुराच्या पाण्याने अडकले. २ जुलैला रिक स्टँटन आणि जॉन व्होलान्थन हे दोन ब्रिटिश पाणबुडे गढूळ पाण्यातून दोर अंथरत अंथरत त्यांच्यापर्यंत पोचले. त्यांच्या हातातला दिवाही त्या पाण्यात फारसा उपयोगाचा नव्हता. परतीची वाट दाखवत होता तो दोर. पाणी उपसण्याच्या कामात किर्लोस्कर ब्रदर्सची माणसं होती आणि त्यांत सांगली जिल्ह्यातले प्रसाद कुलकर्णीही होते. ८ ते १० जुलै या तीन दिवसांत सगळे तेरा जण बाहेर आले. त्याआधी, ६ जुलैला, थाई नौदल सोडून गेलेला आणि स्वयंसेवक म्हणून परत आलेला समन कुनान गुहेत हवेच्या टाक्या पोचवून माघारी येताना दगावला. जाणं पार पडलं होतं, येणं राहिलं होतं.

आमच्या विहिरीत आता कायमचा जाड नायलॉनचा दोर आहे. वर कडुनिंबाच्या बुंध्याला पक्का बांधलेला, हातभर अंतरावर गाठी मारलेला आणि खाली पाण्यात दोन-तीन हात बुडलेला. पातळी उतरली की भाऊ तो वाढवतो. शेजारी ट्रॅक्टरची फुगवलेली ट्यूब तरंगत असते. थकलेल्या माणसाला भिंतीचा ओला दगड धरवत नाही, गाठ धरवते.

८. वर बसणारा माणूस पोहणाऱ्याहून महत्त्वाचा

एकट्याने उतरू नये हे सगळेच सांगतात. दोघेही पाण्यात असतील, तर मात्र दोघेही एकटेच. एकाने कोरडं राहायला हवं. त्याला पोहता आलं नाही तरी चालेल, पण दोर फेकता यायला हवा, फोन हातात हवा आणि मुख्य म्हणजे कोणी बुडताना दिसलं तर उडी न मारण्याइतका संयम हवा. बुडणारा माणूस हाताला लागेल त्याला मिठी मारतो आणि वाचवणाऱ्याला घेऊन खाली जातो. म्हणून आधी दोर, मग ट्यूब, मग लांब बांबू. उडी अगदी शेवटी, आणि तीही कमरेला दोर बांधून, पट्टीच्या पोहणाऱ्याने.

अकोला जिल्ह्यातल्या पिंजरचं संत गाडगेबाबा आपत्कालीन शोध व बचाव पथक आमच्या भागात लोकांना माहीत आहे. दीपक सदाफळे आणि त्यांचे सहकारी नदी, धरण, विहिरीतून माणसं शोधून काढतात. पण असं पथक गावात पोचेपर्यंत वेळ जातोच. पहिली पाच मिनिटं वर बसलेल्या माणसाचीच असतात.

९. ‘आज नको’ म्हणणाऱ्याला कारण विचारू नये

केव्ह डायव्हरांचा मला सगळ्यात आवडलेला नियम हा. कोणीही, कधीही, कोणत्याही कारणाने ‘परत फिरू’ असं म्हणू शकतो. कारण सांगायची सक्ती नाही. बाहेर आल्यावर कोणी थट्टा करायची नाही. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. कठड्यावर पुतणे बसलेले, खाली मेहुणे, कोणीतरी म्हणतं, “काका, तुमचा सूर बघायचाय,” आणि पन्नाशीचा माणूस पंचविशीतला होतो. सुट्टीला गावी आलेल्यांना सगळ्यात मोठा धोका पाण्याचा नसतो, बघणाऱ्यांचा असतो.

ज्याने तो तिसऱ्या हिश्शाचा हिशेब घराघरांत पोचवला, तो एक्सली १९९४ मध्ये मेक्सिकोतल्या साकातोन नावाच्या नैसर्गिक विहिरीत विक्रमी खोली गाठण्याच्या प्रयत्नात गेला. जाणकारालाही विक्रमाची ओढ सुटत नाही. आपल्या विक्रमाची तर कोणी नोंदही घेणार नाही.

१०. पोरांना आधी बाहेर यायला शिकवावं

आमच्या पिढीला शिकवलं ते ढकलून देऊन. जे तरले ते आज अभिमानाने सांगतात, जे तरले नाहीत ते सांगायला उरले नाहीत. पाठीला बंद तोंडाचा पत्र्याचा डबा, कमरेला दोर, दोराचं टोक मोठ्या माणसाच्या हातात, आणि पाण्याआधी पायऱ्यांची सवय. एवढं असलं की पोर उन्हाळ्याच्या सुट्टीत तयार होतं.

शेततळ्यात मात्र कोणालाही शिकवू नये. प्लास्टिकच्या अस्तरावर पाय ठरत नाही, पट्टीचा पोहणारासुद्धा काठाशी घसरत राहतो आणि दमून बुडतो. शेततळ्याला कुंपण घालावं आणि चारही बाजूंनी गाठींचे दोर पाण्यात सोडून ठेवावेत. खर्च थोडा आणि उपयोग जन्माचा.

माझ्या पुतण्यांची परीक्षा मी अशी घेतो. दोन चकरा मारायच्या, मिनिटभर नुसतं तरंगायचं आणि मग दोर न धरता पायऱ्यांनी वर यायचं. हे जमलं तरच सूर. धाकटा फार हुशार. ही परीक्षा काकांनाही लागू आहे, हे त्याने मला पहिल्याच आठवड्यात बजावलं. पायऱ्या चढताना तो वर उभा राहून माझे हात दोराकडे जातात का, ते बघत असतो.